काळी पाच, पांढरी सहा

मास्तर ज्या पियानोवर शिकले तो विकायला ठेवलेला नव्हता. त्यांचे वडील फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचे. कुणा घरचा पियानो पॉलिशला आला आणि मालक तो न्यायला परत आलाच नाही. नऊ वर्षं तो दोन कपाटांच्या मध्ये उभा होता आणि गिऱ्हाइकं त्यावर छत्र्या ठेवायची. शाळा सुटली की मास्तर छत्र्या बाजूला करून झाकण उघडायचे. शिकवायला कोणी नव्हतं. समोर बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा बसायचा. त्याने एवढंच सांगितलं की पांढऱ्या पट्ट्या सात, काळ्या पाच, डावीकडून मोजत जायचं आणि संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर पुढे स्वरलिपी शिकले, कागदावर सगळं रीतसर लिहू लागले, पण तोंडात कायम काळी चार, पांढरी दोन हेच. पुढे स्वतःच्या बँडलाही त्यांनी तीच सवय लावली.

हे सगळं त्यांनीच सांगितलेलं आहे, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगितलेलं आहे. एका मुलाखतीत दुकानात दोन पियानो झाले होते.

विसाव्या वर्षी ते एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवायला लागले. आपलं कोणी ऐकत नाही याचा त्यांना त्रास नव्हता, उलट ते लोकांच्या बशा ऐकायचे. चार नंबरच्या टेबलावरची बशी पांढरी पाच आहे, असं त्यांनी वाढप्याला सांगितलं, आणि वाढप्याने मॅनेजरला सांगितलं की पियानोवाला पिऊन आलाय. मास्तर कधी प्यायले नाहीत. त्यांचा कानच तसा होता. लाल रंग लाल आहे हे आपल्याला जसं विचार न करता कळतं, तसं कुठल्याही आवाजाचं नाव त्यांना कळायचं.

चाळिशीच्या आत त्यांचा स्वतःचा बँड झाला, चौदा जणांचा. नाचाचे हॉल, कारखान्यांचे समारंभ, मग रेडिओ. मी त्यात तिसरा क्लॅरिनेट म्हणून लागलो. सहा महिने त्यांनी माझं वादन ऐकून घेतलं आणि एक दिवस म्हणाले की तुझं अक्षर फार सुंदर आहे. इतक्या सभ्यपणे मला आजवर कोणी कामावरून काढलेलं नाही. त्या दिवसापासून मी बँडचा लेखनिक झालो. मास्तर रेकॉर्ड एकदा ऐकायचे आणि पियानोला हातही न लावता सगळ्या वाद्यांचा मिळून एक मोठा, बऱ्याच पानांचा कागद लिहायचे. त्यातून प्रत्येक वाजवणाऱ्याचा वेगळा कागद उतरवून काढायचा, हे माझं काम. बोटं कायम निळी असायची, म्हणून नाव पडलं शाई. घरच्यांखेरीज सगळे मला अजून तेच म्हणतात.

टेलिव्हिजनवर ते अपघातानेच आले. बँड एका गायिकेच्या साथीला गेला होता आणि निवेदकाचा घसा बसला. गाण्यांच्या मधल्या शांततेला वैतागून मास्तर पियानोवरूनच बोलू लागले. हसले नाहीत, हात हलवले नाहीत, कुणाला 'लाडके कलावंत' म्हणाले नाहीत. पुढच्या ओळीतला ट्रॉम्बोनवाला कालपर्यंत सर्दीने आजारी होता, चुकला तर समजून घ्या, एवढंच म्हणाले. निर्मातीबाईंना ते फार आवडलं. तो रविवार दुपारचा कार्यक्रम पुढे वीस वर्षं चालला.

कार्यक्रमाचा जीव होता शेवटच्या सात मिनिटांत. प्रेक्षकांनी घरातली वाजणारी कुठलीही वस्तू आणायची: वाटी, झाकण, सायकलची घंटा, एकाने तर घराच्या दाराचं बिजागर आणलं होतं. वाद्य मात्र आणायचं नाही. मास्तर पाठ करून उभे राहायचे. वस्तू वाजली की स्वर सांगायचे, मग पियानोवर ती पट्टी दाबून दाखवायचे, आणि त्या एका स्वरावर जागच्या जागी धून उभी करायचे. बँड मागून सामील व्हायचा. शेवटी एक कार्ड द्यायचे, त्यावर वस्तूचं नाव, तिचा स्वर आणि खाली त्यांची सही. कार्डं मीच लिहायचो. लोकांनी ती काचेत बसवून भिंतीवर लावली होती. पहिल्या चौदा वर्षांत त्यांचं एकदाही चुकलं नाही, आणि या 'एकदाही' वरच तो कार्यक्रम उभा होता हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे असताना स्टुडिओतला पियानो चढला, त्याचा प्रत्येक स्वर वर सरकला. म्हणजे, चढला असं ते म्हणाले. आमचा ट्यूनर शांत माणूस, पंचवीस वर्षं त्यांचे पियानो जुळवत आलेला. त्याने ठरलेला एकच स्वर देणारा नादकाटा काढला, वाजवून पाहिला, पियानो तंतोतंत होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार. मग घरचा पियानो चढला. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, मला म्हणाल्या की आता दाराची बेलही चढली म्हणतात, इलेक्ट्रिशियनला बोलावून बदलून घेतली. शेजारच्या इमारतीच्या लिफ्टचीसुद्धा तक्रार केली. लिफ्ट चढणारच, असं वहिनी म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. माणूस स्वतःच्या कानावर शंका घेण्याआधी सगळ्या जगावर घेतो. मास्तरांकडे प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं: हवा, वीज, हल्लीच्या तारा.

एका सोमवारी ट्यूनर माझ्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. मास्तरांनी त्याला विचारलं होतं की कान माझा खरा की तुझा काटा. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने स्टुडिओतला आणि घरचा, दोन्ही पियानो अख्ख्या एका पट्टीने खाली उतरवले होते. म्हणजे आता पांढरी सहा दाबली की काळी चारचा आवाज यायचा, आणि काळी पाच दाबली की पांढरी सहाचा. मास्तर बसले, वाजवून पाहिलं, आणि महिन्यांनी पहिल्यांदा म्हणाले की आता बरोबर आहे. घोडं पुढे अडणार होतं. उद्या तालमीला बँड बसला की पियानो एका पट्टीत आणि चौदा जण दुसऱ्या.

मी काय केलं ते सरळ सांगतो. मास्तरांच्या मोठ्या कागदावर प्रत्येक स्वर आता एका पट्टीने चढा येत होता, कारण त्यांना जग तसंच ऐकू येत होतं. मी दुपारपासून रात्रीपर्यंत न थांबता बसून बँडचे सगळे कागद एका पट्टीने खाली उतरवून लिहिले. उतरलेला पियानो आणि उतरलेले कागद बरोबर जुळले. तालमीत कुणाला काही खटकलं नाही, मास्तरांना तर अजिबातच नाही. मग मी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं. निम्मं हे मास्तरांवरच्या मायेने केलं आणि निम्मं स्वतःच्या पोटासाठी, कारण तो कान गेला हे बाहेर कळलं असतं तर बँडचे चौदाजण आणि मी, सगळेच घरी बसलो असतो.

बँड त्यात तरबेज झाला. मास्तर म्हणायचे, काळी पाचवरून उचला, आणि सगळे बिनबोभाट पांढरी सहावरून उचलायचे. एकदा ट्रॉम्बोनवाला झोपेतून उठल्यासारखा मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पांढरी सहा ना?" बाकीच्यांना एकदम खोकला आला. मास्तरांनी खिडकी बंद करायला सांगितली.

बाहेरच्यांचं तोंड मात्र असं बंद करता येत नव्हतं. ज्यांच्या घरी पेटी होती ते कार्यक्रमानंतर आपली वाटी किंवा घंटा पेटीशी लावून बघत असणार. तीन पत्रं आली. तुम्ही सांगितलेला स्वर आमच्या पेटीवर एक पट्टी खाली निघतो, कृपया खुलासा करावा. पत्रं पहिल्यांदा माझ्याकडे येत. मी तिन्ही टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. तिसरं पत्र एका निवृत्त संगीतशिक्षिकेचं होतं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, आणि शेवटी वाक्य होतं की उत्तर न आल्यास मला स्वतः यावं लागेल. लोक असं लिहितातच, म्हणून मी दुर्लक्ष केलं.

त्या आल्या. अर्जात त्यांनी वस्तू म्हणून लिहिलं होतं, 'घरातली जुनी पोलादी वस्तू.' अर्ज निवडणाऱ्या मुलीने मान्य करून टाकला. रविवारी दुपारी थेट प्रक्षेपण सुरू झालं, मास्तर पाठ करून उभे राहिले, आणि बाईंनी पिशवीतून नादकाटा काढला. माझी पाचावर धारण बसली. ट्यूनर पडद्यामागे उभा होता, तो खालीच बसला. बाईंनी काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याची दांडी माइकखालच्या लाकडी टेबलावर टेकवली. स्वर सगळ्या स्टुडिओत भरला.

"काळी पाच," मास्तर म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाई टाळ्या संपेपर्यंत थांबल्या. "नाही. ही पांढरी सहा आहे. काट्यावर कोरलेलं असतं."

मास्तर वळले. चष्मा लावला, काटा हातात घेतला, उजेडात धरून वाचला. मग कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले की माझं चुकलं, पांढरी सहाच आहे. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. इतका मोठा माणूस आणि किती सहज कबूल करतो, असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली होती.

पण रिवाजाप्रमाणे आता पियानोवर पट्टी दाबायची होती. मास्तर बसले आणि पांढरी सहा दाबली. बाईंनी पुन्हा काटा वाजवला. दोन आवाज एकमेकांना असे घासले की संगीताचा गंध नसलेल्या माणसालाही कळावं. मास्तरांनी बोट उचललं आणि शेजारची काळी पाच दाबली. तंतोतंत जुळली. ते बोट तसंच दाबून बसून राहिले, सात-आठ सेकंद. टेलिव्हिजनवर सात-आठ सेकंद शांतता म्हणजे घरोघरी लोक उठून संचाला थापटा मारतात.

मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ट्यूनरकडे नाही, बँडकडे नाही. पियानो कुणीही उतरवू शकतो, पण नुसता पियानो उतरवला तर पहिल्याच तालमीत बोंब झाली असती. ती होऊ न देणारा हात एकच होता, हे त्यांना तेवढ्या सेकंदांत कळलं. त्यांनी काळी पाच धरून धून उभी केली. बँड नेहमीसारखा मागून आला, एकही स्वर इकडचा तिकडे न होता. मला मान वर करवेना.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि क्लॅरिनेटचा कागद मागितला. तो आपल्या मोठ्या कागदाशेजारी ठेवून ओळीवर ओळ लावून वाचला.

"किती दिवस?"

"अकरा महिने."

"सगळ्यांना ठाऊक होतं? हिलाही?"

वहिनींना मीच सांगितलं होतं.

"कान गेला त्याचं काही नाही," मास्तर म्हणाले. "वय झालं की काहीतरी जातंच. पण अकरा महिने मी तुमच्यापुढे उभा राहून हात हलवत होतो आणि मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळतोय."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी कार्डांची यादी मागितली. अकरा महिन्यांतली चव्वेचाळीस कार्डं. प्रत्येकाला त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: तुमच्या घंटेचा स्वर मी अमुक सांगितला, तो तमुक आहे, चूक माझी. माझ्या हातचं अक्षर त्यांना त्या पत्रांवर नको होतं. संगीतशिक्षिकेला त्यांनी दोन पानं लिहिली. त्यात काय होतं ते मला कळलं नाही.

कानाचे डॉक्टर म्हणाले की असा कान असलेल्यांना उतारवयात हे होतं, सगळं जग त्यांच्यापुरतं एका पट्टीने चढतं, आणि यावर औषध नाही. वस्तूंचा खेळ मास्तरांनी बंद केला. पुढच्या रविवारी एका वाक्यात सांगितलं की आता माझ्या कानावर भरवसा ठेवू नका, आणि पहिलं गाणं सुरू केलं. लोक कार्यक्रम सोडून जातील अशी निर्मातीबाईंना भीती होती. थोडे गेले, बरेच राहिले. ट्यूनरला सांगून त्यांनी दोन्ही पियानो परत जागेवर आणवले. त्यानंतर ते जी पट्टी दाबायचे तिचा आवाज त्यांना शेजारच्या पट्टीचा यायचा. पहिले काही महिने सरावानंतर त्यांचा सदरा घामाने भिजलेला असायचा, असं वहिनींनी सांगितलं.

मला वाटलं होतं, मला काढतील. काढलं नाही. मात्र शाई म्हणणं बंद झालं. "अहो लेखनिक," असं म्हणू लागले, आणि तुम्ही. बँडला ते विनोदी वाटायचं, मला नाही. कामाची पद्धतही बदलली. रेकॉर्ड ऐकून ते मनातल्या मनात एकेक स्वर एका पट्टीने खाली आणायचे आणि मग लिहायचे. आधी अर्ध्या तासात होणारं काम दोन दिवस चालायचं. मोठा कागद माझ्याकडे आला की मी तो रेकॉर्डशी ताडून बघायचा. चूक दिसली तर गुपचूप दुरुस्त करायची नाही, लाल शाईने गोल करून त्यांच्याकडे परत न्यायचा.

"आणि एका कागदावर दहाच्या वर गोल झाले," ते म्हणाले, "की त्या रविवारी कार्यक्रम संपला. हे तुम्ही मला सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही."

पहिल्या आठवड्यात सात गोल निघाले. ते कागद मी त्यांच्या घरी घेऊन गेलो. मास्तरांनी सातही चुका बघितल्या, दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला, चहा विचारला नाही. हळूहळू चार झाले, दोन झाले, एका हिवाळ्यात सलग पाच आठवडे एकही गोल नव्हता. तेव्हा त्यांचा कागद पूर्वीपेक्षाही चांगला असायचा, हे मी लेखनिक म्हणून सांगतो. प्रत्येक स्वर त्यांनी दोनदा विचारलेला असायचा. तीन वर्षं असं चाललं. मग तीन झाले, पाच झाले, एकदा नऊ झाले. नऊ झाले त्या दिवशी ते कागदाकडे बराच वेळ बघत बसले.

वसंतातल्या एका बुधवारी कागद आला आणि मी ताडत गेलो. शेवटच्या पानावर पोचलो तेव्हा मनातल्या मनात अकरा झाले होते, पेन अजून लावलं नव्हतं. पुन्हा मोजले. अकराच. त्यातले दोन अगदी किरकोळ होते, दुसऱ्या ट्रंपेटच्या ओळीत, कुणाच्याही लक्षात न येण्यासारखे. वाजवणाऱ्यांचे कागद उतरवताना दोन ठिकाणी पेन इकडचं तिकडे केलं की काम झालं. या कामात माझा हात बसलेलाच होता. बँडमधल्या दोघांच्या मुली त्या वर्षी कॉलेजात जाणार होत्या, ट्यूनरचं गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, आणि मास्तरांचं कार्यक्रमाशिवाय काय होईल हा विचार मी करूच शकत नव्हतो. मी नऊ गोल केले आणि पेन ठेवून बाहेर गेलो. कोपऱ्यावर उभं राहून चहा प्यायलो. रस्त्यावर काय चाललं होतं ते आठवत नाही. परत येऊन उरलेले दोन गोल केले आणि विचार बदलायच्या आत निघालो.

वहिनींनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून काही न विचारता आत गेल्या. मास्तर खिडकीशी बसले होते. त्यांनी कागद घेतला आणि गोलांवरून बोट फिरवत मोजत गेले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दुसऱ्या ट्रंपेटच्या ओळीवर बोट थोडं थांबलं.

"अकरा," ते म्हणाले.

"हो, मास्तर. दहाच्या वर आहेत."

त्यांनी कागद नीट लावून मांडीवर ठेवला. "मला वाटलं होतं, शाई, तू नऊ आणशील."

मी त्यांच्यासमोर उभ्या उभ्या लहान मुलासारखा रडलो. मास्तरांनी मला बसायला खुर्ची दाखवली, फोन जवळ ओढला आणि निर्मातीबाईंचा नंबर फिरवला.